गाठ आहे, म्हणून पिशवी काढायलाच हवी का?

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फायब्रॉइड’ हा शब्द आला की घरातील वातावरण पालटते. गाठ म्हटले की पहिली शंका कर्करोगाची येते. त्यातच ती स्त्री चाळिशीच्या पुढची असेल, मुले मोठी झालेली असतील, तर आप्तेष्टांचा सल्ला तयारच असतो : ‘आता पिशवीचे काय काम? एकदाची काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल.’ मग चर्चेला एवढेच उरते, की शस्त्रक्रिया दिवाळीच्या हंगामाआधी करायची की लग्नसराईनंतर. बाजारपेठेत एखादा गाळा घेताना जे कुटुंब वकिलाकडून कागदपत्रे दोनदा तपासून घेते, तेच कुटुंब हा निर्णय एका संध्याकाळी घेऊन मोकळे होते.

वस्तुस्थिती अशी आहे, की ‘काहीच न करणे’ आणि ‘गर्भाशय काढणे’ या दोन टोकांच्या मध्ये आज अनेक उपचार उपलब्ध आहेत आणि त्यांतील बहुतेकांत पोट उघडावे लागत नाही. कोणता उपचार कोणाला योग्य, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : गाठ कोठे आहे, त्रास कोणता आहे आणि त्या स्त्रीची स्वतःची इच्छा काय आहे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे हाती येईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याचे, तातडीचा प्रसंग वगळता, काहीच कारण नसते.

गाठ म्हणजे नेमके काय?

गर्भाशयाची भिंत मुख्यत्वे स्नायूंची बनलेली असते. या स्नायूतील एखादी पेशी वाढत जाऊन तिचा घट्ट, गोलसर गोळा तयार होतो, त्यालाच फायब्रॉइड म्हणतात. तो वाटाण्याएवढा असू शकतो, तसाच नारळाएवढाही होऊ शकतो. एकाच गर्भाशयात अशा अनेक गाठी असणे हेही नवलाचे नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही स्त्री-संप्रेरके या गाठींना पोसतात. त्यामुळे पाळी सुरू होण्यापूर्वी त्या आढळत नाहीत आणि पाळी कायमची थांबल्यावर बहुधा आक्रसत जातात.

ही गाठ अतिशय सर्वसाधारण आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील स्त्रियांची सोनोग्राफीने पाहणी करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, वयाच्या पन्नाशीपर्यंत तेथील गौरवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के, तर कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक स्त्रियांना फायब्रॉइड झालेले असतात. त्यांतील अनेकींना आयुष्यभर कसलाच त्रास होत नाही आणि गाठ आहे याचा पत्ताही लागत नाही. फायब्रॉइडचे कर्करोगात रूपांतर होणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. पाळी थांबल्यानंतरही गाठ वाढत असेल किंवा पुन्हा रक्तस्राव सुरू झाला असेल, तर मात्र तपासणीस विलंब करू नये.

आकारापेक्षा जागा महत्त्वाची

‘गाठ किती सेंटीमीटरची आहे?’ हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. ‘ती कोठे आहे?’ हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे. गर्भाशय उलट्या पेरूसारखे असून आतून पोकळ असते. गाठ आतल्या पोकळीत डोकावत असेल, तर ती दोन सेंटीमीटरची असली तरी प्रचंड रक्तस्राव घडवू शकते. गाठ भिंतीच्या जाडीत असेल, तर पाळीच्या वेळी वेदना, अधिक स्राव आणि ओटीपोटात जडपणा जाणवतो. ती बाहेरच्या बाजूस वाढत असेल, तर पाळीवर फारसा परिणाम न होता मूत्राशयावर किंवा आतड्यावर दाब येतो. त्यामुळे वारंवार लघवीला जावे लागते अथवा बद्धकोष्ठता होते. काही गाठी देठावर लोंबणाऱ्या फळासारख्या असतात. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०११ मध्ये जागेनुसार या गाठींचे शून्यापासून आठपर्यंत क्रमांक ठरवून दिले. चांगल्या अहवालात हा क्रमांक नोंदवलेला असतो. नसेल तर तो डॉक्टरांना अवश्य विचारावा, कारण पुढचा सारा मार्ग त्यावरून ठरतो.

साध्या सोनोग्राफीने बहुतेक निदान होते. गाठी अनेक असतील, किंवा पुढे सांगितलेल्या उपचारांपैकी एखादा करावयाचा असेल, तर एमआरआय उपयोगी पडतो. वाढत्या वयात अनियमित रक्तस्राव होत असेल, तर गर्भाशयाच्या आतील अस्तराचा तुकडाही तपासून घ्यावा लागतो. रक्तस्रावाचा सारा दोष गाठीवर ढकलून दुसरे कारण नजरेआड होता कामा नये, हा त्यामागील हेतू.

रक्ताचा हिशेब आधी

पाळी सात दिवसांहून अधिक चालणे, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, मोठ्या गुठळ्या पडणे ही अतिरिक्त रक्तस्रावाची चिन्हे आहेत. ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ असे म्हणून कित्येक भगिनी ती वर्षानुवर्षे अंगावर काढतात. परिणामी हिमोग्लोबिन उतरते. प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले म्हणजे रक्तक्षय मानतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. जिना चढताना धाप लागणे, दुपारी गळून जाणे, चिडचिड होणे यांचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

आपल्या समाजात या विषयाला आणखी एक बाजू आहे. शाकाहारातील लोह शरीरात तुलनेने कमी शोषले जाते. डाळी, कडधान्ये, तीळ, खजूर, पालेभाज्या यांसोबत लिंबू किंवा आवळा घेतल्यास शोषण वाढते आणि जेवणाला लागून घेतलेल्या चहाने ते घटते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असणाऱ्या घरांत तर याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. मात्र ज्या स्त्रीचे रक्त दरमहा गाठीमुळे जात आहे, तिची तूट केवळ आहाराने भरून निघत नाही. तिला लोहाच्या गोळ्या आणि वेळप्रसंगी शिरेतून लोह द्यावे लागते. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी गोळी किंवा सिरप मागून घ्यावे, पण औषध सोडू नये. चौविहार पाळणाऱ्या भगिनींनी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून त्यानुसार बसवून घ्याव्यात. आणि अठाई किंवा वर्षीतपाचा संकल्प करण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांचा सल्ला घेणे, हे तपाला बाधक नसून पूरकच आहे.

पहिली पायरी : वाट पाहणे आणि औषधे

त्रास नसेल तर उपचारही नको, हा सर्वमान्य नियम आहे. अशा वेळी ठरावीक अंतराने तपासणी पुरते. रजोनिवृत्ती जवळ आलेल्या आणि त्रास सोसण्याजोगा असलेल्या स्त्रीला हाच मार्ग अनेकदा हिताचा ठरतो.

रक्तस्राव हाच मुख्य त्रास असेल, तर औषधांनी तो कमी करता येतो. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे औषध ओकामोटो या जपानी संशोधक दांपत्याने १९६२ मध्ये जगापुढे आणले. पाळीच्या केवळ त्या चार-पाच दिवसांत ते घ्यावयाचे असते. ज्यांना पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झाली आहे, त्यांना ते देत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे संप्रेरकयुक्त तांबीसारखे साधन. ते गर्भाशयात बसवले की साधारण पाच वर्षे थोड्या थोड्या प्रमाणात संप्रेरक सोडत राहते आणि स्राव लक्षणीय घटतो. मात्र गाठीमुळे आतील पोकळी वेडीवाकडी झाली असेल, तर ते निसटण्याचा संभव असतो. तिसरा प्रकार संप्रेरके तात्पुरती थांबवणाऱ्या इंजेक्शनांचा. त्यांनी गाठ लहान होते, परंतु हाडे ठिसूळ होत असल्याने ती सहसा सहा महिन्यांपलीकडे देत नाहीत आणि थांबवली की गाठ पुन्हा वाढते. म्हणून त्यांचा उपयोग प्रामुख्याने शस्त्रक्रियेची पूर्वतयारी म्हणून होतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. युलिप्रिस्टल या औषधाने काही रुग्णांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याचे आढळल्यावर युरोपीय औषध नियामकांनी २०२० मध्ये त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या. तेव्हा शेजारणीला लागू पडलेली गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेणे धोक्याचे आहे.

छेद नाही किंवा अगदी लहान छेद

औषधांनी भागत नसेल, तेव्हा कमीत कमी छेदाचे उपचार पुढे येतात. त्यांतील सर्वांत सोपा म्हणजे हिस्टेरोस्कोपी. यात पोटावर एकही छेद घेत नाहीत. योनिमार्गाने बारीक दुर्बीण गर्भाशयात नेऊन, पोकळीत डोकावणारी गाठ आतल्या आत कापून काढतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जाते. गाठ मोठी असेल तर हे काम दोन वेळा करावे लागू शकते. पोकळीतील लहान गाठीने रक्तस्राव होत असताना पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला, तर ‘दुर्बिणीने आतून ही गाठ निघणार नाही का?’ असे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

भिंतीतील किंवा बाहेरच्या बाजूच्या गाठींसाठी लॅप्रोस्कोपी आहे. जर्मनीतील कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट सेम हे या तंत्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. पोटावर तीन-चार लहान छिद्रे पाडून, आत वायू भरून, दुर्बिणीतून पाहत गाठ सोलून काढतात आणि गर्भाशयाची भिंत आतून शिवतात. मोठ्या छेदाच्या तुलनेत वेदना कमी होतात, रुग्णालयातील मुक्काम थोडा असतो आणि कामावर लवकर परतता येते. ज्या तरुण स्त्रीला मूल हवे आहे, तिच्यासाठी गाठ काढून गर्भाशय राखणारी ही शस्त्रक्रिया महत्त्वाची ठरते. नंतर किती महिन्यांनी गर्भधारणा चालेल आणि प्रसूती सिझेरियननेच करावी लागेल का, हे शिवण किती खोल आहे यावर अवलंबून असते. म्हणून ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. गाठी पुष्कळ किंवा फार मोठ्या असतील, तर पोट उघडणेच सुरक्षित असते. तसे सांगणारा डॉक्टर जुन्या वळणाचा आहे, असा समज करून घेऊ नये.

लॅप्रोस्कोपीत मोठी गाठ लहान छिद्रातून बाहेर काढण्यासाठी तिचे तुकडे करावे लागतात. गाठीत क्वचित दडलेला कर्करोग असेल, तर यंत्राने तुकडे करताना तो पोटात पसरण्याची भीती असते. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांपैकी एकीस असा छुपा कर्करोग असू शकतो, असा अंदाज वर्तवून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये या यंत्राविषयी इशारा दिला. तुकडे करायचेच असतील तर ते बंद पिशवीच्या आत करावेत, असे त्यांनी २०२० मध्ये सांगितले. गाठ कशी बाहेर काढणार, हा प्रश्न त्यामुळे विचारण्यासारखा आहे.

रक्तपुरवठा तोडण्याचा उपाय

पॅरिसमधील लारिबोझिएर रुग्णालयातील डॉ. जॅक राविना आणि त्यांचे सहकारी शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे, म्हणून आधी गर्भाशयाच्या रोहिण्या सूक्ष्म कणांनी बंद करत असत. मूळ हेतू एवढाच होता. पण शस्त्रक्रियेची वाट पाहत असलेल्या अनेक स्त्रियांचा त्रास तेवढ्यानेच थांबला आणि त्यांना पुढील शस्त्रक्रियेची गरजच वाटेना. अशा १६ स्त्रियांचा अनुभव १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पूर्वतयारी हाच एक स्वतंत्र उपचार बनला. त्यालाच एम्बोलायझेशन म्हणतात.

मांडीच्या सांध्याजवळील किंवा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी क्ष-किरणांच्या साहाय्याने गर्भाशयाच्या रोहिणीपर्यंत नेतात आणि सूक्ष्म कण सोडतात. रक्त न मिळाल्याने गाठ सुकू लागते आणि काही महिन्यांत तिचा आकार बराच घटतो. पूर्ण भूल लागत नाही, पोटावर टाका नसतो. हे काम स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हे, तर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. कदाचित त्यामुळेच अनेक रुग्णांपर्यंत या पर्यायाची माहिती पोहोचत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्रिपदासाठी नाव जाहीर झाल्यानंतर त्याच आठवड्यात, नोव्हेंबर २००४ मध्ये, कॉन्डोलिझा राईस यांनी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या रुग्णालयात हाच उपचार घेतला आणि एका रात्रीच्या मुक्कामानंतर त्या घरी परतल्या.

याची दुसरी बाजूही माहीत हवी. पहिले चोवीस तास वेदना तीव्र असतात, काही दिवस ताप येऊ शकतो आणि पूर्ववत होण्यास एक-दोन आठवडे लागतात. पंचेचाळिशीनंतर पाळी लवकर थांबण्याची शक्यता वाढते. ज्यांना पुढे मूल हवे आहे त्यांना सामान्यतः हा पहिला पर्याय म्हणून सुचवत नाहीत. वापरावयाचे कण काही पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या कृत्रिम पदार्थाचे, तर काही जिलेटिनयुक्त असतात. ज्यांच्यासाठी हा श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यांनी तो आधीच विचारून घ्यावा. निवड बहुधा शक्य असते.

उष्णतेने गाठ जाळण्याचेही दोन मार्ग आहेत. पहिल्यात शरीराबाहेरून ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून, एमआरआय किंवा सोनोग्राफीच्या देखरेखीखाली गाठीतील पेशी नष्ट करतात. एका इस्रायली कंपनीच्या अशा यंत्राला अमेरिकेने ऑक्टोबर २००४ मध्ये मान्यता दिली, तर सोनोग्राफीच्या साहाय्याने चालणारी पद्धत चीनमध्ये विकसित झाली. यात छेदही नाही आणि सुईही नाही. मात्र गाठी फार असतील किंवा लहरींच्या वाटेत आतडे येत असेल, तर ती करता येत नाही, आणि अशी केंद्रेही मोजकीच आहेत. दुसऱ्या मार्गात सुईच्या टोकातून रेडिओलहरींची उष्णता थेट गाठीत देतात. दुर्बिणीतून सुई घालण्याच्या पद्धतीला अमेरिकेत २०१२ मध्ये, तर योनिमार्गाने नेण्याच्या पद्धतीला २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

मग श्रेष्ठ कोणता?

सर्वांना एकच उत्तर लागू पडत नाही, हे चाचण्यांनीच दाखवून दिले आहे. नेदरलँड्समध्ये गर्भाशय काढण्याचाच सल्ला मिळालेल्या १७७ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली : एका गटाची शस्त्रक्रिया, दुसऱ्याचे एम्बोलायझेशन. दहा वर्षांनी पाहिले असता एम्बोलायझेशन झालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांचे गर्भाशय शाबूत होते, उरलेल्या एक तृतीयांश स्त्रियांना अखेर ते काढावे लागले. ब्रिटनमध्ये २५४ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एम्बोलायझेशन आणि गाठ काढण्याची शस्त्रक्रिया यांची तुलना केली. दोन्ही गटांची प्रकृती सुधारली, पण दोन वर्षांनंतरच्या जीवनमानात शस्त्रक्रियेचा गट काहीसा पुढे होता. थोडक्यात, गर्भाशय राखणाऱ्या प्रत्येक उपचारात गाठ पुन्हा होण्याची किंवा पुन्हा उपचार लागण्याची काही शक्यता राहते. ती पत्करायची की नाही, हे त्या स्त्रीनेच ठरवायचे आहे.

गर्भाशय काढणे हा चुकीचा उपचार मुळीच नव्हे. गाठी अनेक आहेत, रक्तस्राव आवरत नाही, इतर उपाय करून झाले आहेत, कर्करोगाची शंका आहे, किंवा पूर्ण माहिती घेऊन त्या स्त्रीला कायमचा निकाल हवा आहे, अशा वेळी तो निःसंशय योग्य ठरतो. तीही शस्त्रक्रिया आज अनेकदा योनिमार्गाने किंवा दुर्बिणीने होते. दुर्बिणीने गर्भाशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेतील हॅरी राईश यांनी १९८८ मध्ये केली. बीजकोश मात्र सबळ कारणावाचून काढू नयेत. ते अकाली गेल्यास हाडे आणि हृदय या दोहोंना त्याची किंमत मोजावी लागते.

सही कोणाची?

महाराष्ट्राने या प्रश्नाचे भीषण रूप पाहिले आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली, तेव्हा पाहणीतील सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजार आठशेहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे मजुरी बुडू नये, हे त्यामागचे एक कारण होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. उसाच्या फडातील स्त्री आणि पेढीवाल्याच्या घरातील स्त्री यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरीही ‘आता पिशवीचे काय काम?’ हे वाक्य दोघींच्याही वाट्याला येते, याचा विचार व्हायला हवा.

संमतीविषयी कायदा स्पष्ट आहे. १९९५ मध्ये दिल्लीतील एका ४४ वर्षांच्या अविवाहित स्त्रीला अतिरक्तस्रावासाठी दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून भूल दिली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निर्णय दिला, की तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही आणि जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीने तिच्या आईलाही संमती देता येत नाही. जी गोष्ट आईला लागू, ती पती, सासूबाई आणि दीर यांनाही लागू आहे. संमतिपत्र हा औपचारिक कागद नसून त्यावर काय लिहिले आहे ते त्या स्त्रीने वाचून, समजून, स्वतः सही करायची असते. ‘आवश्यक वाटल्यास गर्भाशय काढण्यात येईल’ असा मजकूर त्यात असेल, तर तो भूल देण्यापूर्वीच चर्चेचा विषय व्हावा.

विम्याची बाजू

खर्चाचा विचार करताना पॉलिसीतील दोन कलमे आधी पाहावीत. पहिले प्रतीक्षाकाळाचे. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत गर्भाशय काढणे आणि सर्व साध्या गाठी यांच्यासाठी २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ आहे. इतर पॉलिसींतही अशी यादी असते. दुसरे कलम आधुनिक उपचारांचे. विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी जाहीर करून, ते पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असे बजावले. त्या यादीत पहिलेच नाव गर्भाशयाच्या रोहिणीचे एम्बोलायझेशन आणि केंद्रित ध्वनिलहरींचा उपचार यांचे आहे. मात्र कंपनीला त्यासाठी रकमेची मर्यादा घालता येते. आरोग्य संजीवनीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. ‘नवा उपचार आहे, क्लेम मिळणार नाही’ असे कोणी तोंडी सांगितले, तर त्यावर विसंबून न राहता पूर्वमंजुरीचा अर्ज लेखी करावा आणि उत्तरही लेखी मागावे. सोनोग्राफीत गाठ दिसल्यानंतर नवी पॉलिसी घ्यायची असेल, तर तो अहवाल लपवू नये. लपवलेली माहिती नेमकी दाव्याच्या वेळी बाहेर येते आणि सारे हप्ते व्यर्थ जातात.

विचारायचे प्रश्न

डॉक्टरांकडे जाताना पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. गाठी किती, कोठे आणि कोणत्या क्रमांकाच्या? माझा त्रास याच गाठीमुळे आहे, हे कशावरून? सहा महिने थांबले तर काय होईल? औषधे, हिस्टेरोस्कोपी, लॅप्रोस्कोपी, एम्बोलायझेशन यांपैकी माझ्यासाठी काय शक्य आहे, आणि जे शक्य नाही ते का नाही? ही शस्त्रक्रिया आपण नेहमी करता का? गाठ पुन्हा झाली तर पुढे काय? चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही. दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेणे हा पहिल्यांवरचा अविश्वासही नव्हे.

रुग्ण स्त्रीसोबत घरातील कोणी जरूर जावे, फाईल सांभाळावी, अहवाल तारखेनुसार लावावेत, खर्चाची तजवीज करावी. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर मात्र तिला बसू द्यावे आणि प्रश्नांना उत्तरेही तिलाच देऊ द्यावीत. किती रक्त जाते, किती दुखते आणि काय सोसवत नाही, हे तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते.